सुंगट की बोई?

गळाला कोणते आमिष लावावे या प्रश्नावरून आमच्या घरात जेवढा वाद झाला, तेवढा घराच्या वाटणीवरूनही झाला नसेल, अशा वाक्याने या निबंधाचा प्रारंभ करण्याचा मोह आम्हांस झाला होता. वाक्य दिसावयास बरे होते. परंतु ते खरे नव्हते. वाटणीचा वाद फारच मोठा होता. तो चार वर्षे न्यायालयात चालला. त्यात दोन नारळबागा, एक विहीर आणि वडिलोपार्जित घराचे माजघर यांची मापे घेतली गेली. आणि २०१६ साली जेव्हा तो निकालात निघाला, तेव्हा माजघराच्या मधोमध एक चिऱ्यांची भिंत उभी राहिली होती. भिंतीच्या पलीकडे आमचे वडील बंधू, ज्यांना सारा गाव दादा म्हणतो, अलीकडे आम्ही. आता 'अलीकडे आम्ही' हे म्हणण्यापुरतेच. वर्षातले आठ दिवस सोडले तर आमच्या हिश्शाला कुलूप असे, आणि त्या आठ दिवसांत दादांचा नि आमचा जो काही व्यवहार होई, तो विहिरीवरच्या रहाटाच्या पाळीपुरता.

२०२१ साली आम्ही नोकरीतून निवृत्त झालो आणि थंडीचे चार महिने गावी काढावयाचे ठरविले. गाव कर्ली खाडीच्या काठावर आहे. सह्याद्रीतून निघालेली कर्ली देवबागेपाशी समुद्राला मिळते, आणि त्या ठिकाणी समुद्र व खाडी यांच्यामध्ये वाळूची एवढी चिंचोळी पट्टी आहे की एका बाजूस लाटांचा आवाज ऐकत दुसऱ्या बाजूस गळ टाकावा. आमची वाडी तेथून बरीच आत, जेथे काठाला माडांऐवजी कांदळवन लागते आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो, अशा जागी. बोलावयास माणूस नाही, वाचावयास आणलेली पुस्तके पंधरवड्यात संपली. तेव्हा एके दिवशी सकाळी आम्ही माळ्यावरून जुनी काठी काढून तिला नवी तंगूस ओवीत बसलो होतो. भिंत चिऱ्यांची असली तरी अंगणातला गडगा कमरेएवढाच आहे. पलीकडून दादांनी पाहिले आणि दहा वर्षांत प्रथमच, विहिरीचा विषय न काढता, एक वाक्य उच्चारले.

"काय लावणार गरीला?"

गरी म्हणजे गळ. आम्ही उत्तर दिले, "पाहू, काय मिळेल ते." दादा म्हणाले, "मिळेल ते लावायचं नसतं. सुंगट लावायचं असतं," आणि आत निघून गेले.

सुंगट म्हणजे कोळंबी, हे घाटावरील वाचकांसाठी सांगून ठेवतो. जिवंत सुंगट हे आमच्या घरात नुसते आमिष नव्हते; तो एक कुलाचार होता. आमच्या वडिलांनी आम्हां दोघा भावांना गरवावयास शिकविले ते सुंगटावर. ते सुंगट ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावयाचे. लावताना डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याखालून गरीचे टोक हलकेच काढावयाचे, आणि कवचातून आत जो काळसर ठिपका दिसतो त्याला धक्का लागू द्यावयाचा नाही. तो दुखावला की सुंगट तेथल्या तेथे मरते. पाणी संथ असेल तर शेपटीकडून लावावे, म्हणजे भ्याले की ते पाठीमागे उसळ्या मारते आणि त्या उसळीने मासा जागा होतो. हे सारे बाबा आम्हांस एवढ्या गंभीरपणे सांगत की संध्येतील आचमनाचा क्रम चुकला तर चालेल, पण हा चुकता कामा नये, असे आम्हांस वाटे. १९८७ साली बाबा गेले. दादांनी घर, बाग आणि सुंगट ही तिन्ही सांभाळली. आम्ही पुण्यास गेलो, आणि तिन्हींवर आमचा हक्क आहे एवढेच लक्षात ठेवले.

पुढच्या वर्षीच्या कार्तिकात दादा आणि आम्ही एकाच होडीत बसलो. कसे बसलो हे सांगण्यासारखे नाही. होडी एकच होती, ती हाकणारा तांडेल एकच होता, आणि तिथ वद्य षष्ठी होती. कोकणात भरतीचे गणित तिथीवर बसते. तिथीची पाऊणपट करावी, की भरती पूर्ण होण्याची वेळ येते; षष्ठीला साडेचार. खाडीत आत शिरल्यावर हे थोडे पुढेमागे होते, पण अडत नाही. साडेचारनंतर पाणी उतरू लागले की कांदळवनातल्या नाळींतून जे जे लहान जीव बाहेर ओढले जातात, त्यांच्यासाठी नाळींच्या तोंडाशी मोठे मासे टपून असतात. तेथे गरी टाकावी, हा बाबांचा नियम. आणि तो नियम आजही खोटा नाही. सुंगटे जन्मतात समुद्रात, त्यांची सूक्ष्म पिले भरतीबरोबर खाडीत येतात, चिखलात व मुळांत वाढतात, आणि अंगाने भरली की ओहोटीबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतात. पावसाळा संपून खाडीचे पाणी पुन्हा खारे होऊ लागते, त्या दिवसांत ओहोटीच्या नाळीला सुंगटाइतके स्वाभाविक दुसरे काही नाही.

असे असून त्या संध्याकाळी आमच्या दोघांच्या गऱ्या एकवीस वेळा रिकाम्या वर आल्या. सुंगट खाली गेले की दोरीला टक टक असे बारीक धक्के बसत, आणि ओढून पाहावे तो गरीवर डोक्याचा काटा तेवढा शिल्लक. हे काम केंडांचे. केंड म्हणजे तो चिडला की पोट फुगवून चेंडू होणारा मासा. दात पोपटाच्या चोचीसारखे, आणि खाण्याच्या लायकीचा मुळीच नव्हे. सुंगटाचा मोठा गुण हा की ते सर्वांस आवडते; आणि मोठा दोषही हाच. ज्याच्यासाठी पान मांडले तो पाहुणा येईपर्यंत आळीतली सारी पोरे जेवून जातात. बाविसावे सुंगट दादा लावू लागले तेव्हा तांडेल, जो इतका वेळ वल्ह्यावर हनुवटी टेकून बसला होता, म्हणाला,

"काकानू, आज सुंगटा लावशात तर केंडांकच पोसशात. खाडी काय खाता ता आधी बघा, मगे गरयेक लावा."

आणि त्याने बोटाने दाखविले. काठालगतच्या उथळ पाण्यावर बोईच्या पिलांचा थवा चालला होता. पाण्याला जणू काटा येत होता. मधूनच एका जागी तो काटा फुटे आणि पाच-पन्नास पिले एकदम हवेत उडत. खालून कोणी तरी तोंड उघडले होते. आम्ही उत्साहाने म्हणालो, "मग बोईच लावू या." दादांनी सुंगट लावून गरी पाण्यात सोडली आणि मग बोलले, "बाबांनी कधी बोई लावली नाही."

हे वाक्य आम्ही न्यायालयातही ऐकले होते. तेथे त्यात बोईच्या ठिकाणी दुसरा शब्द होता, एवढेच.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्ही आमिषांचा अभ्यास मांडला. आणि तो निव्वळ ज्ञानलालसेने मांडला असे म्हटल्यास ती आत्मवंचना होईल. दादांना खोटे पाडावे ही इच्छा त्यात बरीच होती. पाग, म्हणजे हाताने फेकावयाचे गोल जाळे, फेकावयास तांडेलाकडून शिकलो. ते आमच्या हातून बहुधा केळीच्या पानासारखे लांबट पडे, पण चार बोटे लांबीची पाच-सहा पिले मिळत. ती जगविणे हे खरे कसब. सुंगट ओल्या गोणपाटात तग धरते. बोई धरीत नाही. पहिल्या दिवशी लोभाने बारा पिले एका बादलीत घातली. उन्हाने पाणी तापले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. अर्ध्या तासात बाराही उताणी. पुढे आम्ही वेताची झाकणाची टोपली होडीच्या कडेने खाडीतच सोडू लागलो आणि तीत चारांहून अधिक पिले ठेवीनासे झालो.

लावण्याची रीत पाण्यावर अवलंबून. ओढ असेल तर वरच्या ओठातून गरी घालावी, म्हणजे पिलू प्रवाहाकडे तोंड करून राहते व श्वास घेऊ शकते. ओढ नसेल तर पाठीवर, परामागे, कण्याच्या वरून कातडीतून काढावी. मग ते गरीला ओढीत आपणहून पोहत जाते आणि आपल्याला नको तेथेही जाते. शिसे नाममात्र, किंवा नाहीच. सुंगटाला तळ हवा, बोईला वरचे पाणी. सुंगट ओहोटीचे, बोई भरतीची. कारण पाणी चढू लागले की बोई त्याच्याबरोबर उथळ चिखलावर शेवाळ खावयास वर सरकते आणि मोठा मासा तिच्या मागून येतो. धक्क्याच्या दगडांपाशी अंगठ्याएवढी कुर्ली बरी. तिचे नांगे काढून, शेवटच्या पायाच्या मुळाशी कवचाच्या कोपऱ्यातून गरी घालावी. पालू तिला सोडीत नाही. निवट्याची प्रशंसाही ऐकली होती. हा चिखलावर चालणारा मासा अंग ओले असेपर्यंत पाण्याबाहेरही कातडीने श्वास घेतो, म्हणून गरीवर फार वेळ टिकतो. परंतु तो टिकण्याआधी सापडावा लागतो. एका ओहोटीला आम्ही निवट्यामागे चिखलात उतरलो आणि तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत आत गेलो. काठावरून कोणी तरी मोठ्याने हसले. वर पाहिले तो दादा. त्यांनी माडाचा एक वाळका झाप आमच्याकडे ढकलला व आम्ही वर येईपर्यंत हसत राहिले. आमच्या आठवणीत त्यांचे याआधीचे हसणे आमच्या लग्नातले होते.

स्वभावाने आम्ही पुस्तकी. तेव्हा आधारही शोधले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजांच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे; समुद्रातले मासे कोणते, नद्यांतले कोणते, आणि कोणत्या जातीला कोणते खाद्य द्यावे याचा त्यात विचार केलेला आहे. हा पुरावा आम्ही गडग्यावरून दादांना सादर केला. ते म्हणाले, "राजाला काय? माणसं आमिष आणून देतात. तुझ्यासारखा चिखलात रुतत नाही तो." दाव्यात दादांनी स्वतःचा वकील देण्याची गरज नव्हती, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

एक गोष्ट मात्र आमच्या अभ्यासात लिहून ठेवता आली नाही. नाताळच्या सुटीत दादांची नात मुंबईहून आली होती; वय वर्षे नऊ. ती होडीत आमच्या शेजारी बसून टोपलीतल्या पिलांना न्याहाळीत होती. आम्ही एक पिलू उचलून ओल्या हातात धरले आणि गरी पुढे केली, तेव्हा तिने विचारले, "छोटे आजोबा, त्याला कळतं?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि म्हणूनच देता येईना. २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची जाणीव पोहोचविणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले आहे. २०२२ साली तेथल्या कायद्याने खेकडे व कोळंब्या यांनाही संवेदनशील प्राण्यांत गणले. मेलेले आमिष लावले तर हा प्रश्न निम्मा तरी उरत नाही, आणि शिंगाळ्यासारखा वासावर येणारा मासा मेलेल्यावरही मिळतो. परंतु तुकडा लावून बसणे आणि जिवंत पिलू सोडून बसणे यांत जो फरक आहे, तो ज्याने अनुभवला त्याला समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्याने अनुभवला नाही त्याला तो सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. शिवाय हेही खरे की, जोवर आम्ही एकाच आमिषावर होतो तोवर हा विचार आम्हांस शिवला नव्हता. सुंगट हे सुंगट होते. निवडावयाची वेळ आली, तेव्हा प्रत्येकाकडे पाहावे लागले. कोणते चपळ आहे, कोणते भेदरले आहे, कोणाच्या शेपटीजवळ खवले गेले आहेत. पाहिल्यावर ते केवळ आमिष राहत नाही. आम्ही मुलीला म्हटले, "कळत असावं." तिने थोडा वेळ विचार केला आणि टोपलीतले सर्वांत लहान पिलू सोडून देण्याची परवानगी मागितली. ती आम्ही दिली. उरलेली तीन लावली. याहून मोठा निवाडा आमच्याच्याने झाला नाही.

माघ शुद्ध द्वादशीची संध्याकाळ. द्वादशीची पाऊणपट नऊ. म्हणजे तीनच्या सुमारास ओहोटी संपून पाणी रात्री नऊपर्यंत चढावयाचे. सहा वाजता सूर्य पलीकडच्या डोंगराच्या पाठीवर टेकला, आणि कांदळाच्या कडेने बोयांचे थवे आत सरकू लागले. दादांची सुंगटे केंडांनी केव्हाच संपविली होती. गोणपाट रिकामे करून त्यांनी ते नीट घडी घालून पायाखाली ठेवले. टोपलीत आमची दोन पिले होती. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही. येथे आमचा विजय होत होता आणि तो आम्हांस चवीने पाहावयाचा होता. तांडेलही बोलला नाही. बराच वेळ गेला. मग दादांनी पाण्यावरची नजर न काढता हात आमच्याकडे पसरला.

"एक दे."

दाव्याच्या कागदांत दादांनी आमच्याकडे पुष्कळ गोष्टींची मागणी केली होती. त्यांनी आमच्याकडे काही मागितले ते हे पहिलेच. विजय वगैरे जे काही आम्ही योजून ठेवले होते, ते त्या क्षणी आम्हांस सापडेना. आम्ही दोहोंपैकी चांगले पिलू त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते सराईत माणसासारखे वरच्या ओठातून लावले, शिशाची गोळी दाताने सोडवून काढली आणि कांदळाच्या मुळांपासून दोन हात अंतरावर अलगद सोडले. हे त्यांना कोणी शिकविले, हे विचारण्यास अवधीच मिळाला नाही. पिलू आधी संथ चालत होते. मग एकाएकी अस्वस्थ झाले, दोरी थरथरली, आणि पाण्याखाली डबक्यात नारळ पडावा तसा एक जड आवाज झाला. काठी वाकली ती पाण्यापर्यंत. दादा उभे राहिले. होडी कलली. आम्ही त्यांचा पंचा मागून धरला, कारण धरण्यास दुसरे काही नव्हते. मासा सरळ मुळांकडे गेला. तांडेल "ओढ, ओढ" म्हणून ओरडत होता, दादा "सोड, सोड" म्हणत होते, ते माशाला की आम्हांस हे कळत नव्हते, आणि मग दोरी मुळाला घासून तुटली.

तांबोशी होती, असे दादांचे मत; चोणक असता तर एकदा तरी पाण्याबाहेर उडाला असता. तांडेलाचे मत चोणक. तो आवाज तांबोशीचा नव्हे, चोणकाचाच, आणि अंधार पडल्यावर सर्वच चोणक उडत नाहीत. परत येईपर्यंत या विषयावर तिघेही इतके बोललो की धक्का केव्हा आला ते समजले नाही. टोपलीतले उरलेले पिलू आम्ही सोडून दिले. दादांनी पाहिले, पण काही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाची पाळी आमची होती. घागर घेऊन बाहेर आलो तो गडग्यावर एक गंजलेला पत्र्याचा डबा ठेवलेला दिसला. तो आम्ही लगेच ओळखला. बाबांचा गऱ्यांचा डबा. वाटणीच्या यादीत तो नव्हता. तो कोणाकडे गेला याची आम्ही कधी चौकशीही केली नव्हती. दादा पलीकडे पाठमोरे उभे राहून दात घाशीत होते. आम्ही झाकण उघडले. वरच्या कप्प्यात बारीक गऱ्या होत्या, सुंगटाच्या, ज्या लहानपणी आम्हां दोघांना एकेक मोजून मिळत. खालच्या कप्प्यात मेणकापडात गुंडाळलेल्या पाच गऱ्या होत्या. करंगळीएवढ्या जाड वाकाच्या, टोकाला अजून धार असलेल्या. त्यांवर सुंगट लावू गेल्यास त्याचे दोन तुकडे व्हावेत.

"रात्री एकटे जायचे," दादा पाठ न वळविता म्हणाले. "आपण झोपल्यावर. एकदा मी मागून गेलो होतो. बोलू नकोस म्हणाले धाकट्याजवळ. तो पाण्यात उतरेल."

"मग तू इतकी वर्षं..."

"मला त्यांनी सुंगटच दिलं ना हातात."

आम्ही पाचपैकी दोन गऱ्या उचलल्या. तिसरी उचलावी की नाही, याचा विचार करीत काही वेळ तसेच उभे राहिलो. मग दादांनी चूळ भरली, गडग्यापाशी आले आणि डब्यात डोकावून म्हणाले, आज त्रयोदशी, भरती पाऊणेदहाची. पाग चारच्या सुमारास टाकावे लागेल.